पृष्ठभाग आणि सुप्रामॉलेक्युलर बहुवारिकांची स्वयंजुळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेच्या कुपीत व्यवस्थित जमणारे जेल प्लॅस्टिकच्या कुपीत तासन्‌तास पातळच राहते, किंवा अभ्रकावर सुबक तंतू दाखवणारा रेणू ग्राफाइटवर सपाट पट्ट्या दाखवतो, तेव्हा पहिला संशय रसायनाच्या शुद्धतेवर जातो. पुष्कळदा खरे कारण रेणू ज्या पृष्ठभागाला टेकले होते त्यात असते. या विषयाकडे नव्याने वळणारे विद्यार्थी आणि वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. शालेय रसायनशास्त्राची ओळख गृहीत धरली आहे.

सुप्रामॉलेक्युलर बहुवारिक म्हणजे काय? नेहमीच्या बहुवारिकाहून ते वेगळे कसे?

पॉलिथीनसारख्या नेहमीच्या बहुवारिकात एकवारिके सहसंयुज बंधांनी जोडलेली असतात. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणून ती साखळी एकदा झाली की सहसा तशीच राहते. सुप्रामॉलेक्युलर बहुवारिकात एकवारिके हायड्रोजन बंध, सपाट वलयांची एकमेकांवरील रास, धातू आणि लिगंड (धातूला इलेक्ट्रॉनजोडी देऊन धरणारा रेणू) यांचा बंध किंवा पाण्यातील जलविरोधी परिणाम अशा सौम्य आकर्षणांनी जुळतात. साधारण हायड्रोजन बंधाची ताकद मोलमागे १० ते ४० किलोज्यूल असते. त्यामुळे ही साखळी तुटते, पुन्हा जुळते, तापवल्यावर विरघळते आणि थंड केल्यावर परत उभी राहते.

रेणूंमधील अशा आकर्षणांच्या अभ्यासासाठी डोनाल्ड क्रॅम, ज्याँ-मारी लेन आणि चार्ल्स पेडरसन यांना १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या आकर्षणांवर बहुवारिक उभे करण्याची कल्पना १९९० च्या सुमारास लेन यांच्या गटाने मांडली, आणि नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील सिब्बेस्मा, मायर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये चार हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरणारी एकवारिके वापरून अशा पदार्थात खऱ्या बहुवारिकाचे गुण दाखवून दिले. आपल्याकडे तिरुवनंतपुरम येथील सीएसआयआरच्या प्रयोगशाळेत ए. अजयघोष यांच्या गटाने २००१ मध्ये फेनिलीन-व्हिनिलीन रेणूंपासून सेंद्रिय जेल तयार केली, आणि त्या कामाने या क्षेत्रात भारताचे स्थान पक्के केले.

जुळणी कोणत्या मार्गाने होते, आणि पृष्ठभागाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे का?

दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येक नवा रेणू साखळीला सारख्याच ओढीने जोडला जातो. दुसरा रेणू असो वा दोनशेवा, फायदा तेवढाच. यात साखळ्या हळूहळू लांबत जातात आणि ठरावीक असा उंबरठा, म्हणजे जिच्याखाली जुळणी जवळजवळ होतच नाही अशी संहती, नसतो. दुसऱ्या मार्गात पहिले काही रेणू एकत्र येणे अवघड असते, मात्र तेवढे छोटे बीज एकदा तयार झाले की पुढचे रेणू भराभर चिकटतात. ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंसाठी हे गणित जपानचे फुमिओ ओसावा आणि सहकारी यांनी १९६२ मध्येच मांडले होते. बेंझीन-१,३,५-ट्रायकार्बॉक्झमाइड हा या क्षेत्रातील अभ्यासकांचा आवडता रेणूही बहुधा याच मार्गाने जातो: वलये एकावर एक रचली जातात आणि त्यांच्याभोवती हायड्रोजन बंधांच्या तीन माळा पीळ घेतात.

पृष्ठभागाचा हात दुसऱ्या मार्गावर फार लांबवर पोहोचतो. बीज तयार होणे हाच तिथला अवघड टप्पा असतो, आणि पृष्ठभाग नेमका तोच टप्पा सोपा करू शकतो. पहिल्या मार्गात असा उंबरठाच नसल्यामुळे पृष्ठभागाचा परिणाम मुख्यतः संहती आणि दिशा यांपुरता राहतो.

पृष्ठभाग बीजनिर्मिती सोपी करतो, म्हणजे नेमके काय करतो?

खडीसाखर करताना गरम घट्ट पाकात दोरे सोडतात आणि खडे त्या दोऱ्यांना धरतात. पाकात साखर सगळीकडे तितकीच आहे, तरी स्फटिक मोकळ्या पाकात न धरता दोऱ्यावर धरतो, कारण तिथे नव्या कणाला स्वतःचे सगळे पृष्ठ नव्याने उघडावे लागत नाही. एक बाजू दोरा सांभाळतो. सुप्रामॉलेक्युलर बीजाचेही असेच असते.

बीजनिर्मितीचा दर ऊर्जेच्या अडसरावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो, ही गोष्ट नीट उमगली की पुढचे सारे सोपे होते. गोलाकार थेंबासाठीच्या पारंपरिक सिद्धांतानुसार बीजाचा पृष्ठभागाशी स्पर्शकोन, म्हणजे बीजाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, ९० अंश असेल तर अडसर निम्मा होतो, आणि ६० अंश असेल तर तो मूळच्या सुमारे १६ टक्के उरतो. औष्णिक ऊर्जेच्या ४० पट असलेला अडसर २० पटींवर आला, तर केवळ घातांकाच्या हिशेबाने दर सुमारे ४८ कोटी पटींनी वाढतो. तंतूचे बीज गोल थेंबासारखे नसते, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण भिंतीला टेकलेले बीज मोकळ्या द्रावणातील बीजाच्या कितीतरी आधी का जन्मते, याचा अंदाज त्यांतून येतो.

याखेरीज पृष्ठभाग आणखी दोन गोष्टी करतो. अधिशोषणामुळे रेणू त्याच्याजवळ गोळा होतात, आणि एकूण द्रावणाची संहती उंबरठ्याखाली असली तरी भिंतीलगतच्या काही नॅनोमीटरांत ती उंबरठ्यापलीकडे जाऊ शकते. शिवाय तिथे टेकलेला रेणू तिन्ही दिशांना गिरक्या घेऊ शकत नाही. तो आडवा पडतो किंवा उभा राहतो, त्याची हायड्रोजन बंध देणारी बाजू कुठे वळणार हे ठरून जाते, आणि शेजाऱ्याशी जुळणी त्यामुळे सुकर तरी होते किंवा अशक्य तरी होते.

एवढ्याशा भिंतीने एवढा फरक कसा पडेल?

हिशेब करून पाहावा. १ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी क्युव्हेटमध्ये (प्रकाशमापनासाठीच्या पारदर्शक कुपीत) ३ मिलिलिटर द्रावण भरले, तर भिजलेली भिंत आणि तळ मिळून १३ चौरस सेंटिमीटर होतात. एका रेणूला १ चौरस नॅनोमीटर जागा धरली तर एका थरासाठी सुमारे १३०० लाख कोटी रेणू लागतात. द्रावण १० मायक्रोमोलर असेल तर त्यात सुमारे १८,००० लाख कोटी रेणू असतात. म्हणजे भिंतीवर पूर्ण एक थर बसला, तर सुमारे ७ टक्के रेणू तिथेच खर्च होतात.

आता त्याच द्रावणाचा १० मायक्रोलिटरचा थेंब १ चौरस सेंटिमीटर अभ्रकावर पसरू. थेंबात सुमारे ६० लाख कोटी रेणू आहेत आणि एका थराला १०० लाख कोटी हवेत. सगळेच्या सगळे रेणू चिकटले तरी एक थर पुरा होत नाही. सूक्ष्मदर्शकासाठी नमुना तयार करण्याची ही अगदी नेहमीची पद्धत आहे, आणि तीत पृष्ठभाग बहुसंख्येत असतो. अशा नमुन्यात ‘द्रावणातील’ रचना म्हणून काही शिल्लक राहिली असेल असे गृहीत धरण्यास आधार नाही.

ग्राफाइटवर रचना इतक्या नेमक्या दिशांना का धावतात?

ग्राफाइटचा थर अणूंच्या पातळीवर सपाट असतो आणि त्याच्या जाळीचा पुनरावृत्तीचा पल्ला ०.२४६ नॅनोमीटर असतो. लांब अल्किल साखळीतील नागमोडी मांडणीचा पल्लाही सुमारे ०.२५ नॅनोमीटर भरतो. ही जवळीक योगायोगाची असली तरी परिणाम मोठा आहे: अल्किल शेपट्या जाळीच्या मुख्य दिशांना समांतर पडतात, आणि ग्राफाइटची सममिती तिपेडी असल्यामुळे पट्ट्या एकमेकींशी ६० किंवा १२० अंशांचा कोन करणाऱ्या तीन दिशांना दिसतात. ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ कुठून कुठे जाणार हे ठिपक्यांनी आधीच ठरवलेले असते, तसाच हा प्रकार आहे.

हे पाहता आले ते क्रमवीक्षण सुरंगन सूक्ष्मदर्शकामुळे (एसटीएम), जो अतिसूक्ष्म सुई पृष्ठभागावरून फिरवून अणूंचे चित्र काढतो. गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी तो १९८१ मध्ये झ्युरिकजवळ तयार केला आणि १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच्या सुईखाली ट्रायमेसिक आम्ल, म्हणजे बेंझीनच्या वलयावर एकाआड एक तीन कार्बॉक्सिल गट असलेला छोटासा रेणू, मधमाशीच्या पोळ्यासारखे जाळे विणताना दिसतो. छिद्रांमधील अंतर दीड ते पावणेदोन नॅनोमीटर असते. द्रावक म्हणून घेतलेल्या फॅटी आम्लाच्या साखळीची लांबी बदलली की तोच रेणू फुलासारखी वेगळी नक्षी काढतो. म्हणजे पृष्ठभाग एकटा कधीच निर्णय घेत नाही. द्रावकाचे रेणूही त्याच जागेसाठी स्पर्धा करीत असतात.

संहतीही नक्षी बदलते. बेल्जियममधील ल्यूव्हन येथील स्टीव्हन डे फेयटर यांचा गट आणि जपानमधील योशितो तोबे यांचा गट यांनी त्रिकोणी गाभ्याच्या रेणूंवर २००८ मध्ये दाखवले की विरळ द्रावणातून सच्छिद्र पोळे बसते आणि दाट द्रावणातून घट्ट रांगा बसतात. पोळ्यात प्रत्येक रेणूला जास्त जागा मिळते. दाट द्रावणात एवढी चैन परवडत नाही, कारण तेवढ्याच क्षेत्रात अधिक रेणू बसवले की एकूण ऊर्जा अधिक उतरते.

आणि अभ्रकावर?

अभ्रक सोलून ताजा पृष्ठभाग पाण्यात बुडवला की वरचे पोटॅशियम आयन निघून जातात आणि ऋण प्रभार उघडा पडतो. काच आणि सिलिकाही उदासीन पाण्यात ऋण प्रभारितच असतात. त्यामुळे धन प्रभार असलेले पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) तिकडे ओढले जातात आणि ऋण प्रभाराचे दूर राहतात. हा प्रभार किती दूरवर जाणवेल ते मिठावर ठरते: ०.१ मोलर साध्या मिठात त्याचा पल्ला जेमतेम १ नॅनोमीटर, तर ०.००१ मोलरमध्ये सुमारे १० नॅनोमीटर असतो. बफर बदलल्यावर तंतू नाहीसे झाले, तर रेणूंच्या आपसांतील आकर्षणाइतकाच या पल्ल्याचाही विचार करावा.

या दोन पृष्ठभागांतील फरकाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणून मी नेहमी १९९९ चा एक प्रयोग सांगतो. अमेरिकेतील सेंट लुइस येथे कोवालेव्स्की आणि होल्ट्झमन यांनी अल्झायमर आजाराशी निगडित बीटा-ॲमिलॉइड पेप्टाइड पाण्यातच ठेवून अणुबल सूक्ष्मदर्शकाने, म्हणजे बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या उपकरणाने, पाहिले. जलस्नेही अभ्रकावर त्याचे बारीक कण जमले. जलविरोधी ग्राफाइटवर लांब पट्ट्या जमल्या, आणि त्या ग्राफाइटच्या जाळीनुसार एकमेकींशी १२० अंशांचा कोन करणाऱ्या तीन दिशांना धावत होत्या. पेप्टाइड तेच होते. आकार पृष्ठभागाने ठरवला.

सोने किंवा चांदीसारख्या धातूंवर काय होते?

धातूंवरचे बहुतेक काम अतिनिर्वातात चालते, म्हणजे द्रावकाची स्पर्धाच नसते आणि रेणू व पृष्ठभाग यांचे नाते स्वच्छ वाचता येते. सोन्याच्या एका विशिष्ट पृष्ठावर वरचा अणुथर आपोआप माशाच्या काट्यासारख्या नक्षीत बसतो आणि रेणू त्या नक्षीच्या वळणांवर आधी थांबतात. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील गटाने २००३ मध्ये चांदीचा थर दिलेल्या सिलिकॉनवर मेलॅमीन आणि पेरिलीनचे एक संयुग यांचे जाळे विणले आणि त्याच्या छिद्रांत कार्बन-६० चे सात-सात चेंडू बसवून दाखवले. द्रावणात काम करणाऱ्यांनी मात्र या चित्रांवरून थेट निष्कर्ष काढू नयेत.

हवा आणि पाणी यांची सीमा हाही पृष्ठभाग मानायचा का?

अवश्य, आणि विसरला जाणारा पृष्ठभाग बहुधा हाच असतो. हवा ही पाण्याच्या दृष्टीने अत्यंत जलविरोधी भिंत आहे. एका बाजूने जलस्नेही आणि दुसऱ्या बाजूने जलविरोधी असलेले पेप्टाइड तिथे धावत जाऊन आडवे पडतात आणि एकमेकांना धरतात. द्रावण ढवळले किंवा हलवले की ही सीमा सतत नव्याने तयार होते, जुना थर चुरगळून आत मिसळतो आणि त्याचे तुकडे बीज म्हणून काम करतात.

इन्सुलिनच्या बाबतीत हा व्यवहारातला प्रश्न आहे. १९९१ मध्ये स्लुझ्की, तामादा, क्लिबानोव्ह आणि लँगर यांनी दाखवले की टेफ्लॉनसारखा जलविरोधी पृष्ठभाग आणि हलवणे एकत्र आले की इन्सुलिनच्या गुठळ्या होण्याचा वेग वाढतो. एरवी इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या आधाराने एकत्र बांधलेले असतात. त्यातून सुटलेला एकटा रेणू जलविरोधी पृष्ठावर उलगडतो, आणि उलगडलेले रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात. ढगाळ इन्सुलिनची बाटली जोरात न हलवता तळहातांत हळुवार फिरवायला सांगतात, तेव्हा फेस न येऊ देणे, म्हणजेच हवा-पाण्याची नवी सीमा तयार न होऊ देणे, हे त्यातून आपोआप साधते.

पृष्ठभाग जुळणी रोखूही शकतो का?

हो, आणि हे लक्षात न घेतल्याने बरेच गैरसमज होतात. तबकडीसारखा सपाट रेणू ग्राफाइटला आपली पूर्ण बाजू टेकवून आडवा पडला, तर त्याच्यावर दुसरी तबकडी रचली जाऊन स्तंभ वाढायला हवा. पण पृष्ठभागाची ओढ शेजाऱ्याच्या ओढीपेक्षा जास्त असेल तर रेणू पसरतच राहतात आणि स्तंभ उभा राहत नाही. कधी पृष्ठभाग इतक्या घट्ट धरतो की रेणूला सरकताच येत नाही, आणि चुकीच्या जागी बसलेला रेणू आपली चूक सुधारू शकत नाही. स्वयंजुळणीत सुबकपणा येतो तो रेणू पुन्हा पुन्हा सुटून पुन्हा बसू शकतात म्हणून. त्यामुळे मध्यम ओढीचा पृष्ठभाग बहुधा सर्वांत सुव्यवस्थित रचना देतो.

सूक्ष्मदर्शकात जे दिसते, तेच द्रावणात असते का?

माझ्या मते हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. थेंब ठेवायचा, वाळवायचा आणि चित्र काढायचे, या क्रमात तीन घटना घडतात: रेणू पृष्ठभागावर बसतात, पाणी उडताना संहती कित्येक पटींनी वाढते आणि आक्रसणारा थेंब आपल्या कडेशी रेणू ओढत नेतो. चित्रात दिसलेले तंतू यांपैकी कोणत्याही क्षणी जन्मलेले असू शकतात. ते थेंब ठेवण्याआधी होते असा दावा करायचा असेल, तर तो चित्राने सिद्ध होत नाही.

म्हणून चित्राला द्रावणातील मापनांची जोड हवी. प्रकाशाचे प्रकीर्णन (विखुरणे), क्ष-किरणांचे लघुकोनी प्रकीर्णन, वर्तुळाकार द्विवर्णता (रचनेचा पीळ ओळखणारे प्रकाशमापन) आणि तापमानानुसार बदलणारा अवशोषण पट या सर्व पद्धती लाखो-कोट्यवधी रेणूंची सरासरी सांगतात आणि रेणूंना अभ्रकावर आणत नाहीत. त्यांच्याही क्युव्हेटला भिंती असतातच, पण तिथे बहुसंख्या द्रावणाची असते. दोन्हींचे निष्कर्ष जुळले तर चित्रावर विश्वास वाढतो. जुळले नाहीत, तर पृष्ठभागाने काय केले हे शोधण्याची ती उत्तम संधी असते, आणि असे निष्कर्ष बाजूला न टाकता प्रसिद्ध व्हायला हवेत असे मला मनापासून वाटते.

क्षणात गोठवलेल्या नमुन्याचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन या अडचणीतून बरेचसे सोडवते, पूर्णपणे नाही. गोठण्यापूर्वी द्रावणाची अतिशय पातळ फिल्म केलेली असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना हवा असते; प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्यांना या सीमेचा त्रास चांगलाच परिचित आहे. द्रवातच चालणारा अतिवेगवान अणुबल सूक्ष्मदर्शक, ज्याच्या विकासात जपानमधील कानाझावा येथील तोशिओ आंदो यांचा मोठा वाटा आहे, तंतूची वाढ डोळ्यांसमोर दाखवतो. त्यात पृष्ठभाग टाळलेला नसतो, मात्र तो कोणत्या क्षणी काय करतो हे निदान दिसते.

पृष्ठभागावर ठरवलेल्या जागीच वाढ सुरू करता येते का?

येते, आणि अलीकडच्या कामातील हा सर्वांत आशादायक भाग आहे. एक युक्ती अशी की द्रावणात ठेवायचे ते फक्त जुळू न शकणारे पूर्वरूप, आणि त्याला जुळणारे रूप देणारा उत्प्रेरक पृष्ठभागावर बांधायचा. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील गटाने २०१४ मध्ये आम्लधर्मी उत्प्रेरकाची सूक्ष्म नक्षी पृष्ठभागावर छापून जेलचे तंतू त्या नक्षीवरच वाढवले. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील गटाने २०१५ मध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर पृष्ठभागावर बसवले: फॉस्फेट गट असलेले छोटे पेप्टाइड त्याच्याजवळ आले की फॉस्फेट कापले जाते, पाण्यात विरघळण्याची क्षमता घटते आणि तंतू तिथेच उगवतात.

दुसरी युक्ती तयार बीजे पृष्ठभागावर रोवण्याची. बीजाच्या टोकाला रेणू जोडले जातात, पण नवे बीज स्वतःहून पडत नाही इतपत संहती ठेवली, तर वाढ फक्त रोवलेल्या जागी होते. पहिल्या युक्तीत पूर्वरूपाचा पुरवठा आणि अभिक्रियेचा वेग यांचा मेळ साधणे ही खरी कसोटी आहे. रेणू तयार होण्याचा वेग जास्त झाला तर ते चिकटण्याआधी दूर निघून जातात आणि नक्षी पुसट होते.

निसर्गात याचे उदाहरण आहे का?

पेशी हेच करीत असते. पेशीला आतून आधार देणाऱ्या सूक्ष्मनलिका तारककायावरील (केंद्रकाजवळच्या छोट्या अंगकावरील) गॅमा-ट्युब्युलिन या प्रथिनाच्या वलयांपासून वाढतात, म्हणून पेशीत त्या कुठून निघणार हे ठरलेले असते. लिस्टेरिया हा जीवाणू आपल्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाच्या मदतीने यजमान पेशीतील ॲक्टिनचे तंतू आपल्या मागे वाढवतो आणि त्यांच्या रेट्याने पुढे सरकतो. एकवारिक सर्वत्र, बीज मात्र एकाच ठिकाणी, हे सूत्र इथे जिवंत दिसते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा परिणाम तपासायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

महाग उपकरणांपासून नव्हे. एकाच द्रावणाचे समान भाग काच, पॉलिप्रोपिलीन आणि सिलेनचा (काचेला चिकटणाऱ्या सिलिकॉन संयुगाचा) जलविरोधी थर दिलेली काच अशा तीन कुपींत ठेवावेत आणि कुपी उलटी केल्यावर जेल कधी टिकते ते पाहावे. मग काचेच्या कुपीत थोडी काचेची भुकटी घालून पृष्ठभाग वाढवावा. वेळ लक्षणीय कमी झाला, तर पृष्ठभागावरील बीजनिर्मितीचा संशय बळावतो. काहीच फरक पडला नाही, तर तोही तितकाच उपयुक्त निष्कर्ष आहे. एक कुपी काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता बंद करावी. एक संच स्थिर ठेवावा, दुसरा सावकाश हलवावा. प्रत्येक स्थितीचे निदान तीन नमुने घ्यावेत, कारण बीजनिर्मिती स्वभावतः यादृच्छिक असते आणि एकाच कुपीवरून काढलेला काळ फसवा ठरू शकतो.

नोंदवहीत कुपीचा पदार्थ, ती कशाने धुतली, किती वेळ वाळवली आणि द्रावण तिच्यात किती उंचीपर्यंत होते, हे संहती आणि तापमान यांच्या शेजारच्याच रकान्यात लिहावे.